पीडीपी-११/३४ला वीज मिळते, पण बूट होत नाही. सुरुवात कुठून करू?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे आणि जरा घाईने हवी आहे. पाऊस तोंडावर आलाय आणि माझ्या वर्कशॉपचा पत्रा गळतो.

दोन महिन्यांपूर्वी एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात दोन उंच कपाटं घेतली. भंगारवाला तांब्यासाठी फोडणार होता, म्हणून वजनाच्या भावाने मीच उचलली. पहिल्या कपाटात डिजिटल कंपनीचा पीडीपी-११/३४ए मिनिकम्प्युटर आणि आठ इंची आरएक्स०१ फ्लॉपी. दुसऱ्यात आरएल०२ डिस्क ड्राइव्ह, तिच्या तीन कार्ट्रिज (काढता-घालता येणाऱ्या चकत्या) आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं आरएल११ कंट्रोलर कार्ड. त्या दुसऱ्या कपाटातला प्रोसेसर आधीच कुणी काढून नेलेला.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. ब्लोअरने धूळ काढली. एका पंख्यात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं, ते काढलं. सगळी कार्डं बाहेर घेऊन कडेचे सोनेरी पट्टे आयसोप्रोपिलने पुसले आणि परत बसवली. आरएल११ एका मोकळ्या खाचेत लावलं. वीज दिली तर पंखे फिरले, 'डीसी ऑन' दिवा लागला. पॅनेलवर कंट्रोल आणि बूट दाबलं की 'रन' दिवा लागतो आणि लागलेलाच राहतो. लॅपटॉपला यूएसबी-सिरियल वायर लावून ९६०० बॉड वेगावर टर्मिनल उघडलंय, त्यावर एक अक्षर उमटत नाही. डिस्क ड्राइव्हवर 'फॉल्ट'चा लाल दिवा जळतोय.

डिस्कपासून सुरुवात करू की पॉवर सप्लायपासून? एक मित्र म्हणतो, सगळे कपॅसिटर एकदम बदलून टाक.

उदगिरी_वायरमन

भाऊ, आधी एक सांगा. वीज डायरेक्ट दिली का सिरीज बल्ब लावून? इतकी वर्षं पडून असलेल्या मशीनला डायरेक्ट २३० व्होल्ट म्हणजे महिनाभर उपाशी माणसाला पुरणपोळी. मी मोटारी-स्टार्टरच्या धंद्यातला माणूस, काम्प्युटरचं मला कळत नाही, पण सिरीज बोर्ड माझ्या दुकानातून कधी हलला नाही.

आणि अर्थिंग बघा. आपल्याकडची काळी माती मे महिन्यात हातभर भेगाळते. खड्डा कोरडा पडला की अर्थ नावालाच. माझ्याच दुकानात मागच्या उन्हाळ्यात न्यूट्रल अन् अर्थच्या मधे मीटर ३० व्होल्ट दाखवूलालतं. चार बादल्या पाणी ओतलं, मीठ-कोळसा नवा भरला, तवा उतरलं.

परभणी_ज्वारी

मी वेगळं बोलतो, राग मानू नका. पीडीपी-११चं सॉफ्टवेअर चालवायचं असेल तर जुन्या मशीनची नक्कल करणारा सिमएच प्रोग्रॅम आहे. साध्या लॅपटॉपवर आरटी-११ ही त्या मशीनची ऑपरेटिंग सिस्टीम चालते, युनिक्सची सहावी आवृत्ती चालते. ही दोन कपाटं जेवढी वीज खातील तेवढ्यात विहिरीवरची मोटर चालेल. एवढा जीव काढायचा कशाला?

मांजराकाठ

ज्वारीभाऊ, सिमएच मी चालवलंय आणि मला ते आवडतं. पण त्या तीन कार्ट्रिजमध्ये काय आहे ते सिमएचला कुठून कळणार? आरएल०२चं कार्ट्रिज वाचायला आरएल०२च लागतो. एकावर पेनाने 'पगार व भांडार' लिहिलंय. त्या कारखान्यात माझे काका होते.

वायरमन दादा, डायरेक्ट दिली. चुकलं.

परभणी_ज्वारी

काकांचं आधी सांगायचं ना. मग मी मागे हटलो. काही लागलं तर सांगा.

अष्टमान (छत्रपती संभाजीनगर)

मी १९८०च्या दशकात या मशीनची देखभाल करत फिरलेला माणूस आहे. वाळूज आणि चिकलठाण्यापासून खाली नांदेडपर्यंत एसटीने, मांडीवर ऑसिलोस्कोप घेऊन. तुमची पोस्ट वाचून झोप उडाली.

पहिलं काम: डिस्कला हात लावू नका. तिची वायर काढून ठेवा. कार्ट्रिज घालून फिरवायचं तर अजिबात नाही. आरएल०२ची चकती मिनिटाला २४०० फेरे घेते आणि हेड हवेच्या उशीवर तरंगतात. त्या फटीत धुळीचा एक कण शिरला तर हेड चकतीवर घासतो, आणि तुमच्या काकांचा पगारपत्रक भुकटी होऊन फिल्टरमध्ये जातो.

'बूट होत नाही' हे वाक्य आम्ही ग्राहकाकडून रोज ऐकायचो. बूट ही साखळीची शेवटची कडी असते. तिच्याआधी व्होल्टेज बरोबर हवं, सप्लायने 'वीज ठीक आहे' असा संकेत सोडायला हवा, प्रोसेसर हलायला हवा, बस (सगळ्या कार्डांना जोडणाऱ्या सामायिक तारा) मोकळी हवी, कन्सोलला (हुकूम द्यायच्या टर्मिनलला) बोलता यायला हवं, मेमरी शाबूत हवी. मग कंट्रोलर, मग ड्राइव्ह, मग चकतीवरचा पहिला ब्लॉक. यातली कुठलीही कडी तुटली तरी बाहेरून दिसणारं चित्र एकच, मशीन गप्प. म्हणून एकेक कडी तपासून पक्की करायची आणि मगच पुढच्या कडीला हात घालायचा. तुमचा 'रन' दिवा लागून राहतो ही मोठी शुभ खूण आहे. प्रोसेसर कसला तरी प्रोग्रॅम चालवतोय, आणि त्या क्षणी तो प्रोग्रॅम एम९३१२ कार्डावरच्या रॉममधला असतो.

आता मोजा. बॅकप्लेनवरच, म्हणजे कार्डं बसतात त्या खाचांच्या पाटीवर, सप्लायच्या तोंडाशी नको. +५ व्होल्ट ४.७५ ते ५.२५च्या मधे हवेत, आणि मी स्वतः ५.०५च्या आसपास ठेवायचो. +१५ आणि -१५ दोन्ही बघा. जमल्यास स्कोप लावून +५वरची लहर, म्हणजे व्होल्टेजची बारीक चढउतार, बघा. मीटर सरासरी सांगतो, लहर लपवतो.

जालना_रोलिंग

कपॅसिटरबद्दल माझं मत त्या मित्राच्या बाजूचं आहे. आमच्या कारखान्यात जुन्या ड्राइव्हमधले मोठे इलेक्ट्रोलिटिक दर शटडाउनला बदलतो. थांबून बघण्यात अर्थ नसतो.

अष्टमान

जालनेकर, तुमची यंत्रं रोज भट्टीशेजारी तापतात. तिथे तुमचं बरोबर. इथले मोठे डबे थंड पडून होते, आणि असे कपॅसिटर हळूहळू व्होल्टेज वाढवत नेलं तर पुष्कळदा सावरतात. बाहेर काढून, रेझिस्टर मधे घालून, तासन्‌तास. गळती करंट उतरला नाही तर बदला. सरसकट बदलताना नव्या बॅचमधला एखादा खराब निघाला किंवा एखादी तार उलटी लागली तर मूळ दोषात दुसरा दोष मिसळतो, आणि मग कुठला कुणाचा ते कळत नाही. बिनशर्त बदलायचा असेल तर तो वीज आत येते तिथल्या फिल्टरमधला, कागदी पट्टीचा आणि पारदर्शक कवचाचा. त्याच्या कवचाला चिरा पडतात, दमट हवा शिरते आणि एक दिवस वर्कशॉप धुराने भरतं.

जालना_रोलिंग

फिल्टरवाल्यावर एकमत. बाकीचं मी माझ्या मतावर.

हिंगोलीहून

मी डिप्लोमाला आहे. प्रश्न बावळट वाटेल, पण 'बूट' म्हणजे नेमकं काय होतं? आमच्या लॅबमध्ये बटण दाबलं की विंडोज येते, मधलं काही दिसत नाही.

गोदाकाठ (नांदेड)

प्रश्न चांगलाच आहे. मी हे शिकवतो, पण आता मुलांना दाखवायला असं यंत्र माझ्याकडे नाही.

प्रोसेसर स्वतःहून फक्त एवढंच जाणतो: एका पत्त्यावरची सूचना उचल, ती कर, पुढची उचल. मेमरीत आधी काहीच नसतं. मग डिस्कवरून प्रोग्रॅम आणणारा प्रोग्रॅम कुठून आणायचा? सुरुवातीच्या यंत्रांवर माणूस पॅनेलचे स्विच वर-खाली करून तो शब्द-शब्द घालायचा. पुढे तो रॉममध्ये आला, म्हणजे अष्टमान सर म्हणतात ते एम९३१२ कार्ड. त्या चिमुकल्या प्रोग्रॅमचं काम एकच, डिस्कचा पहिला ब्लॉक, म्हणजे शून्य क्रमांकाचा २५६ शब्दांचा तुकडा, मेमरीच्या शून्य पत्त्यापासून उतरवायचा आणि तिथे उडी मारायची. तो तुकडा पुढचा मोठा प्रोग्रॅम आणतो, आणि तो मोठा म्हणजे आरटी-११ किंवा युनिक्स.

पीडीपी-११ घराणं १९७०चं, १६ बिटांचं. ११/३४ हे त्यातलं १९७६चं मॉडेल. आपलं जायकवाडी पूर्ण झालं तेही वर्ष १९७६च. मला हे दोन्ही आकडे एकत्रच लक्षात राहतात. आपल्या देशातही तेव्हा मिनिकम्प्युटर बनत होते. इथून एका रात्रीच्या प्रवासावर, हैदराबादला, ईसीआयएलचा टीडीसी-३१६ होता, तोही १६ बिटांचा.

बीडची_ताई

स्विच वर-खाली करायचं वाचलं आणि १९८४ आठवलं. नुकतं लग्न झालेलं, आणि एका कचेरीत डेटा एंट्रीला लागले होते. रोज सकाळी आमचे ऑपरेटर साहेब हात धुऊन, चप्पल बाहेर काढून आत जायचे. दार लोटून घ्यायचे. आम्ही बाहेर टर्मिनलसमोर बसलेल्या. आतून पंख्यांचा आवाज चढायचा आणि मग आमच्या पडद्यावर एक टिंब यायचं. ते टिंब आलं की चहा.

दादा, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला बघा. आमच्या साहेबांनी तिथे कागद चिकटवला होता, कुठल्या खाचेत कुठलं कार्ड ते सगळं लिहून. प्रत्येकजण चिकटवायचा असं ते सांगत.

मांजराकाठ

ताई, आहे! पिवळा पडलेला कागद, फाउंटन पेनाने लिहिलेला. खाच क्रमांक आणि कार्डांची नावं. पहिल्या कपाटाच्या दारावरच आहे आणि मी दोन महिने ते दार उघडून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. फोटो टाकतो.

मोजमापं: +५ = ५.०३. +१५ आणि -१५ दोन्ही बरोबर. लहर किरकोळ. फिल्टरमधल्या कपॅसिटरला खरंच चिरा होत्या, बदलला. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतलं आणि आता सगळं सिरीज बल्ब लावून, मग डिमरस्टॅटने हळूहळू व्होल्टेज वाढवत. वायरमन दादांचा शब्द पाळला.

टर्मिनल अजून कोरंच.

अष्टमान

छान. आता कन्सोलची कडी. लॅपटॉपची वायर काढा. मशीनकडून येणाऱ्या केबलच्या २५ पिनी टोकाला पिन २ आणि पिन ७ यांच्यात व्होल्टेज मोजा. पिन ७ ग्राउंड. काहीही पाठवत नसताना पिन २वर ऋण व्होल्टेज दिसायला हवं, साधारण -८ ते -१२. सिरियल लाइन विश्रांतीत ऋण असते, शून्य कधीच नसते.

मांजराकाठ

०.२ व्होल्ट. धन.

अष्टमान

सापडलं. -१५ बॅकप्लेनवर आहे आणि लाइनवर नाही, म्हणजे मधला ड्रायव्हर गेलाय. एम७८५६ या सिरियल लाइनच्या कार्डावर १४८८ नावाची चौदा पायांची चिप बघा. बिचारं मशीन पहिल्या दिवसापासून तुमच्याशी बोलत होतं, आवाज बाहेर पडत नव्हता इतकंच.

उदगिरी_वायरमन

कोरड्या हवेत नायलॉनचा शर्ट घालून केबल लावली असंल तर अशी चिप जाते का हो सर? आमच्याकडं उन्हाळ्यात फ्रीजला हात लावला तरी ठिणगी बसते.

अष्टमान

हो दादा, तेही एक कारण. सुती कपडे, पायाखाली ओलं पोतं, आणि कार्डाला हात लावण्याआधी कपाटाच्या लोखंडाला हात. आम्ही हेच पाळायचो.

धाराशिवकर

१४८८ मिळवायला सोलापुरात दोन दुकानं फिरलो होतो, मिळाली नाही. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ मिळेल, नाहीतर हैदराबादला कोटीमधल्या गुजराती गल्लीत. लातूरहून दोन्ही एका रात्रीचं अंतर. सोबत चौदा पायांचा सॉकेटही आणा, म्हणजे पुन्हा डाग द्यायची वेळ येणार नाही.

मांजराकाठ

कोटीला जाऊन आलो. चार १४८८ आणल्या, सॉकेट आणला, येताना आईसाठी कराची बिस्किटं. चिप बदलली. सॉकेट धाराशिवकरांच्या सांगण्यावरून.

रात्री साडेअकराला डिमरस्टॅट पूर्ण वर. बूट दाबलं. पडद्यावर सहा-सहा आकड्यांचे चार गट आणि खालच्या ओळीत @.

मी एकटाच होतो. ओरडलो, तर शेजारच्या काकू बॅटरी घेऊन बाहेर आल्या.

बीडची_ताई

काकूंना बिस्किटं द्या.

गोदाकाठ

अभिनंदन! ते चार आकडे म्हणजे बूट दाबलं त्या क्षणी प्रोसेसरच्या चार रजिस्टरमध्ये (आतल्या छोट्या साठवणींत) जे होतं ते. आणि @ म्हणजे रॉममधला कन्सोल एम्युलेटर हुकमाची वाट बघतोय. एल लिहून पत्ता द्यायचा, ई लिहिलं की त्या पत्त्यावरचा शब्द दिसतो, डीने लिहिता येतो, एसने चालवता येतो. मशीनला हात लावून बघायला या चार अक्षरांत जवळजवळ सगळं आहे.

अष्टमान

आता ड्राइव्ह. कार्ट्रिज न घालता आधी हे करा: हेड प्रवासासाठी जखडलेले असतील तर मोकळे करा, हेड आयसोप्रोपिल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, हवेच्या फिल्टरचा फोम चुरा झाला असेल तर काढा. आणि केबलच्या शेवटी टर्मिनेटर (मोकळं टोक बंद करणारा तुकडा) आहे का? साखळीतल्या शेवटच्या आरएल ड्राइव्हला टर्मिनेटर नसला की 'फॉल्ट' दिवा लागतो. कित्येकदा एवढ्यासाठी मला परभणीहून परत बोलावलंय.

कार्ट्रिजजवळ चुंबक आणू नका, स्पीकरही नको. आरएल कार्ट्रिजवर हेडला वाट दाखवणाऱ्या खुणा कारखान्यातच लिहिलेल्या असतात. त्या पुसल्या तर कुठल्याही ड्राइव्हवर पुन्हा लिहिता येत नाहीत.

आणि एम९३१२वरच्या छोट्या सॉकेटांत ७५१ए९ असं लिहिलेला रॉम आहे ना? आरएलचं बूट त्यात असतं.

मांजराकाठ

७५१ए९ आहे. टर्मिनेटर वर्तमानपत्राच्या पुडक्यात तळाशी सापडला. लावताच 'फॉल्ट' विझला! हेड पुसले, एका हेडच्या कडेला तपकिरी रेघ होती, पुसल्यावर गेली. तीनपैकी जे कार्ट्रिज कोरं वाटतं तेच आधी घातलं. अर्धा तास फिरवलं, आवाज गुळगुळीत. मग दुसरं, ज्यावर 'सिस्टीम' लिहिलंय. 'रेडी' दिवा लागला.

एल १७४४०० (आरएल११ कंट्रोलरचा पत्ता), मग ई: ०००२०१.

मग डीएल०, म्हणजे आरएलवरून बूट करायचा हुकूम, टाइप केलं. ड्राइव्हने एकदा 'टक्' केलं आणि सगळं थांबलं. काही येत नाही, @ सुद्धा नाही. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच.

जालना_रोलिंग

चकती खराब. दुसरं कार्ट्रिज घाला.

अष्टमान

थांबा, कार्ट्रिज बदलू नका. मशीनला विचारा ती कुठे अडली. अडकलेल्या अवस्थेत पॅनेलवर कंट्रोल आणि हॉल्ट दाबा. इनिट दाबू नका, सगळं पुसलं जाईल. मग पॅनेलवरूनच कंट्रोलरचा पत्ता बघा, तिथे १८ बिटांचा द्यावा लागतो: ७७४४००. आकडा इथे लिहा.

मांजराकाठ

११०२१५

हिंगोलीहून

सर, हा आकडा वाचायचा कसा? मला यायला हवं, पण येत नाही.

बीडची_ताई

हे मी सांगते, मला आजीमुळे येतं! आमच्याकडे तिच्या काळी निजामाचा हाली सिक्का चालायचा, पण हिशेब तोच, सोळा आण्यांचा रुपया. आणा म्हणजे एक, चवली दोन आणे, पावली चार, अधेली आठ, रुपया सोळा. प्रत्येक नाणं आधीच्याच्या दुप्पट. आमच्या साहेबांनी मला बिट शिकवले ते याच नाण्यांनी.

हा आकडा अष्टमान पद्धतीतला, म्हणजे फक्त ० ते ७ अंकांचा. त्यातला एकेक अंक म्हणजे तीन नाण्यांची पुरचुंडी: पावली, चवली, आणा. ५ म्हणजे पावली आहे, चवली नाही, आणा आहे. २ म्हणजे फक्त चवली. १ म्हणजे फक्त आणा. आता उजवीकडून सुरू कर, प्रत्येक अंकाला तीन बिट, मोजणी शून्यापासून.

हिंगोलीहून

शेवटचा ५: बिट ० आणि २. त्याआधीचा १: बिट ३. मग २: बिट ७. ० मध्ये काही नाही. मग १: बिट १२. आणि सगळ्यात डावीकडचा १: बिट १५. बरोबर ना ताई?

बीडची_ताई

पैकीच्या पैकी.

अष्टमान

ताई, नमस्कार करतो तुम्हाला. मी माझं टोपणनाव अष्टमान ठेवलं, पण असं मला कधी शिकवता आलं नाही.

आता त्याचा अर्थ. बिट ० म्हणजे ड्राइव्ह तयार. बिट ७ म्हणजे कंट्रोलर मोकळा. बिट १, २ आणि ३ एकत्र वाचले की ६ होतात, म्हणजे शेवटचा हुकूम 'डेटा वाच' होता. बिट १५ म्हणजे चूक झाली. आणि बिट १२, बिट १० शिवाय एकटा, म्हणजे 'डेटाला उशीर'. चकतीवरून शब्द आले, कंट्रोलरच्या साठवणीत जमले, आणि तिथून मेमरीत वेळेवर जाऊ शकले नाहीत.

तेव्हा चकती निर्दोष, हेड निर्दोष. रजिस्टर वाचता येतंय म्हणजे प्रोसेसर आणि कंट्रोलर यांचं बोलणंही ठीक. बिघडलंय ते कंट्रोलरने स्वतः बसचा ताबा घेऊन मेमरीत लिहिणं. मांजराकाठ, दारावरच्या कागदाचा फोटो मी पुन्हा मोठा करून बघितला. त्या पेटीत मुळात आरएल११ नव्हतंच ना?

मांजराकाठ

नाही. कागदावर आरएक्स११ (फ्लॉपीचा कंट्रोलर) आहे, आरएल११ नाही. मी मोकळ्या खाचेतलं छोटं जी७२७ कार्ड काढून तिथे आरएल११ लावलं.

अष्टमान

मग उत्तर पेटीच्या मागच्या बाजूला आहे.

पाटाच्या पाण्याची पाळी डोळ्यापुढे आणा. ज्या कंट्रोलरला मेमरीत थेट लिहायचंय तो प्रोसेसरकडे बस मागतो. प्रोसेसर 'घे' असा परवाना सोडतो. तो परवाना पाटाच्या पाण्यासारखा खाचेतून खाचेत पुढे वाहत जातो. ज्या शेताची मागणी आहे त्याने पाणी आपल्यात वळवायचं, बाकीच्यांनी पुढे सोडायचं. आता ज्या खाचेत असं वळवणारं कार्ड नसतं, तिथे पाणी अडू नये म्हणून बॅकप्लेनच्या मागे सीए१ आणि सीबी१ या दोन पिनांमध्ये एक तार गुंडाळलेली असते. सरळ पुढे जाणारी चारी. जी७२७ बाकीच्या परवान्यांची सोय करतं, याची सोय ती तार करते.

तुमच्या पेटीत फक्त आरएक्स११ होतं, आणि आरएक्स०१ची फ्लॉपी असं थेट लिहिणं करत नाही, प्रोसेसर स्वतः एकेक बाइट उचलतो. म्हणून त्या पेटीतली एकही तार कुणी काढलेली नाही. तुम्ही शेत नवं आणलंत, पण त्याला वळसा घालून जाणारी चारी तशीच उघडी आहे. आरएल११च्या खाचेतली सीए१-सीबी१ तार काढा. फक्त त्याच खाचेतली. आणि ती तार पिशवीत घालून कपाटाच्या दाराला चिकटवा. पुढे कधी आरएल११ बाहेर काढलंत तर पाट तुटेल आणि मशीन जागची हलणार नाही. तेव्हा ती परत लावावी लागेल, किंवा त्या खाचेत ही चारीही जोडणारं जी७२७३ कार्ड बसवावं लागेल.

उदगिरी_वायरमन

सर, पाटाचं सांगितलं अन् सगळं उमगलं. आमच्या भावकीत निम्मी भांडणं याच चारीवरची.

परभणी_ज्वारी

पिना शेकडो असतात, सगळ्या एकसारख्या. चुकीची तार निघू नये म्हणून आधी मीटरचा बझर लावून सीए१ आणि सीबी१ जोडलेत का ते बघा. काढल्यावर पुन्हा बझर, आता वाजता कामा नये. आणि मागून बघताना डावं-उजवं उलटं होतं हे विसरू नका.

मांजराकाठ

पहाटे लिहितोय. लोडशेडिंग रात्री एकला संपलं, त्यानंतर बसलो.

ज्वारीभाऊंचं ऐकलं म्हणून बरं झालं. पहिल्यांदा मी शेजारच्या खाचेवर होतो. बझरने वाचवलं. तार काढली, पुन्हा तपासली, पिशवीत घालून दाराला लावली, त्या पिवळ्या कागदाच्या खाली. कागदावर माझ्या हाताने एक ओळ वाढवली: 'आरएल११, तार काढली', आणि तारीख.

डीएल०. 'टक्'. मग टक्-टक्-टक् असा भरभर आवाज, हेड खरंच फिरत होते. आरटी-११च्या नावाची ओळ आली. आणि खाली, ताई, ते टिंब.

बीडची_ताई

मी इथे रडतेय. चहा घ्या.

गोदाकाठ

वा! आता दोन गोष्टी सांगून ठेवतो, म्हणजे दोष वाटून शोधत बसणार नाही. जुन्या आरटी-११मध्ये तारखेतल्या वर्षाला पाचच बिट आहेत, मोजणी १९७२पासून, म्हणजे २००३च्या पुढे तिला जाता येत नाही. २८ वर्षं मागची तारीख द्या, वार आणि तारीख तंतोतंत जुळतात. दुसरं, घड्याळ मागे पडायला लागलं तर घाबरू नका. ते विजेच्या लहरी मोजतं. सिस्टीम अमेरिकेच्या ६० हर्ट्झसाठी बांधलेली असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर दर तासाला दहा मिनिटं मागे पडेल. आरटी-११च्या मॉनिटरमध्ये (पडदा नव्हे, सिस्टीमचा गाभा) ५०चा पर्याय बसवावा लागतो.

मांजराकाठ

अगदी तेच होतंय. तासाला दहा मिनिटं मागे. म्हणजे ही सिस्टीम डिस्क कारखान्यात नीट बसवलेली नसावी, किंवा कुठून तरी नुसती उतरवून आणलेली असावी.

परभणी_ज्वारी

'पगार व भांडार' घालण्याआधी माझं एक ऐका. ते कार्ट्रिज जितकं कमी फिरेल तितकं बरं. पहिल्याच फेरीत पूर्ण प्रत सिरियलने लॅपटॉपवर उतरवून घ्या. आरएल०२ म्हणजे १,०४,८५,७६० बाइट. ९६०० वर सेकंदाला ९६० बाइट, म्हणजे तीन तासांहून थोडं जास्त. मधे वीज जाणार हे धरूनच चाला. प्रोग्रॅम असा हवा की शेवटच्या ब्लॉकपासून पुढे सुरू करता येईल. तो मी लिहून देतो, सिमएचवर चाचणी करून. प्रत हातात आली की पुढचं सगळं वाचन सिमएचवर करू.

जालना_रोलिंग

चकती खराब म्हणालो होतो, ते चुकलं. तुमच्या वर्कशॉपसाठी एक जुना पण दणकट यूपीएस माझ्याकडे पडून आहे. बॅटऱ्या नव्या घालाव्या लागतील. पुढच्या आठवड्यात आमचा ट्रक लातूरला येतोय, त्यात टाकतो. तीन तास धरणार नाही, पण हेड मागे घेऊन चकती थांबवायला पुरेल.

हिंगोलीहून

धाग्याचा मूळ प्रश्न होता, डिस्कपासून की पॉवरपासून. मी वहीत क्रम लिहून काढला: व्होल्टेज, लहर, रन दिवा, लाइनवरचं ऋण व्होल्टेज, चार आकडे आणि @, टर्मिनेटर, ०००२०१, मग हॉल्ट करून रजिस्टर. अष्टमान सर, यात मेमरी कुठे तपासली? मला ती कडी दिसली नाही.

अष्टमान

शाब्बास. ती एम९३१२च्या रॉमने तपासली, बूट करण्याआधी तो स्वतः मेमरीवरून फिरतो. पण ती तपासणी वरवरची असते. मांजराकाठ, प्रत उतरवायच्या आधी एक रात्र मेमरीची सविस्तर चाचणी चालू द्या. मेमरीत एक बिट घसरत असेल तर तीन तासांची प्रत चुकीची निघेल आणि कळणारही नाही. आणि मुला, परीक्षा झाली की लातूरला जाऊन ये. हे सगळं हाताखाली बघायला मिळेल, ते नंतर मिळणार नाही.

धाराशिवकर

माझ्या सासऱ्यांच्या माळ्यावर आरएल०२चं एक कार्ट्रिज आहे, गंगाखेडला. ते तिथल्या एका संस्थेत हिशेब बघायचे. इतकी वर्षं आम्हाला तो केकचा डबा वाटायचा. वाचता येईल का?

मांजराकाठ

नक्की बघू. वरचं झाकण उघडू नका, फुंकरही मारू नका. सुती कापडात गुंडाळा, आडवंच ठेवा आणि येताना गाडीत मांडीवर घेऊन या. डिकीत स्पीकर असतात.